सरोवराकाठचे आगकाडीचे गाव

वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी एक लहानसे काम करा. घरात काडेपेटी असेल ती हातात घ्या. स्वयंपाकघरात नसेल तर देवघरात निरांजनाजवळ नक्की सापडेल. तिच्यातली एक काडी दगडावर किंवा भिंतीवर ओढून बघा. ती सहसा पेटणार नाही. आता तीच काडी पेटीच्या कडेला असलेल्या तपकिरी पट्टीवर ओढा. लगेच पेट घेईल. असे का होते, हे आपण कधी कोणाला विचारत नाही. काडी पेटली की आपले काम झाले! पण ह्या अर्ध्या क्षणाच्या मागे एका गावाचा इतिहास उभा आहे. ते गाव आहे उत्तरेकडच्या स्वीडन देशात, एका अफाट सरोवराच्या दक्षिण टोकाशी. त्याचे नाव योन्शोपिंग.

रोमन लिपीतले हे नाव नकाशावर दाखवले की वर्गातली मुले ते 'जॉनकोपिंग' असे वाचतात. मीही पहिली काही वर्षे तसेच वाचत होतो, हे कबूल करायला हरकत नाही. नावातले 'शोपिंग' म्हणजे आपली 'पेठ', व्यापाराची जागा. स्वीडनमध्ये लिन्शोपिंग आहे, नोरशोपिंग आहे. आपल्याकडे पेठा असतात तशीच ही पेठांची मालिका. योन्शोपिंगला पेठेचे हक्क मिळाले इ.स. १२८४ च्या मे महिन्यात, राजा माग्नुस लादुलोस ह्याच्या सनदेने. स्वीडनमधल्या गावांच्या ज्या सनदा टिकून राहिल्या आहेत, त्यांत ही सर्वांत जुनी मानतात.

पेठ इथेच का वसावी, ते नकाशा पाहिला की कळते. सरोवराचे नाव वेटर्न. लांबी सुमारे १३५ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त एकतीस, खोली काही ठिकाणी १२८ मीटर. दक्षिणेकडून नद्यांच्या खोऱ्यांतून येणारे दोन जुने रस्ते ह्या टोकाशी येऊन मिळत. डेन्मार्कच्या बाजूने येणारा व्यापारी इथे पोहोचला की पुढे पाणीच पाणी. त्याने माल होडीत चढवायचा किंवा काठाकाठाने पुढे जायचे. असा जिथे खोळंबा होतो, तिथे बाजार भरतोच. फ्रान्सिस्कन पंथाचे भिक्षू आले, त्यांनी मठ बांधला. गावाच्या पोटात दुसरे एक लहान तळे आहे, त्याला आजही मुंक्शोन, म्हणजे भिक्षूंचे तळे, असेच म्हणतात.

वेटर्नविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण ह्या सरोवराला स्वभाव आहे. त्याचे पाणी इतके स्वच्छ की आसपासची अनेक गावे तेच पितात. पण ते थंड आहे, आणि त्याच्यावर वारा केव्हा उठेल ह्याचा नेम नसतो. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की हे सरोवर हळूहळू दक्षिणेकडे कलते आहे. हिमयुगात ह्या प्रदेशावर बर्फाचे प्रचंड थर होते. ते वितळल्यावर दबलेली जमीन वर येऊ लागली आणि ती अजून येतेच आहे. पण उत्तरेची बाजू दक्षिणेपेक्षा जलद वर येते. त्यामुळे एखादे ताट एका बाजूने उचलावे तसे पाणी योन्शोपिंगच्या अंगाला सरकते. शतकाला काही बोटे, इतकाच काय तो वेग.

ह्या पाण्याची एक दुःखद हकिगत गावातली माणसे विसरलेली नाहीत. योन बाउअर हा योन्शोपिंगमध्ये १८८२ साली जन्मलेला चित्रकार. जंगलातली यक्षराक्षसांची जी चित्रे त्याने काढली, त्यांवर स्वीडनमधल्या पिढ्यानपिढ्या मुलांचे बालपण पोसले. १९१८ च्या नोव्हेंबरात तो बायको एस्टर आणि लहान मुलगा बेंग्ट ह्यांना घेऊन स्टॉकहोमला नव्या घरी निघाला. आधीच्याच महिन्यात आगगाडीचा एक मोठा अपघात झाला होता, म्हणून गाडी नको, बोटीने जाऊ, असे त्याने ठरवले. बोटीचे नाव 'पेर ब्राहे'. शेजारच्या हुस्कवर्ना गावच्या कारखान्यातली शिवणयंत्रे आणि शेगड्या तिच्यावर लादल्या होत्या, त्यांतला पुष्कळ माल डेकवरच. रात्री वादळ उठले, माल सरकला, बोट कलंडली आणि तळाशी गेली. तिच्यावरच्या चोवीस जणांपैकी एकही वाचला नाही. बोट १९२२ मध्ये वर काढली गेली.

गावात तयार झालेला माल आणि गावातला माणूस, दोन्ही एकाच पाण्यात एकत्र बुडाले. हा प्रसंग मी आधीच सांगून टाकला, कारण योन्शोपिंगच्या इतिहासात कारखाना आणि माणूस ह्यांची अशी गाठ पुन्हा पुन्हा पडते.

आता आगीकडे वळू. डेन्मार्कची सरहद्द त्या काळी आजच्यापेक्षा पुष्कळच जवळ होती आणि युद्ध झाले की डॅनिश फौज ह्याच वाटेने वर येई. १६१२ साली डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियन चालून आला तेव्हा गाव शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वीडिश लोकांनी स्वतःच ते पेटवून दिले. किल्ला मात्र शत्रूला मिळाला नाही. गाव नव्याने वसवायचे तर जुन्या जागेवर नको, पूर्वेला दोन पाण्यांच्या मधल्या सखल पट्टीवर वसवू, असे तरुण राजा गुस्ताव्ह अडॉल्फ ह्याने ठरवले. जागा दलदलीची. तिथे जायला कोण तयार होणार? म्हणून करमाफी दिली, बंदुका घडवणारे कारागीर आणि लोकरीचे कापड विणणारे आणून बसवले. आज गावाच्या पूर्व भागात जे सरळ रस्ते दिसतात, त्यांचे मूळ ह्या आखणीत आहे.

मधली दोनशे वर्षे मी भरभर ओलांडतो. १६३४ मध्ये दक्षिण स्वीडनसाठी वरिष्ठ न्यायालय इथे स्थापन झाले, आणि ते आजही इथेच आहे. न्यायालय आले की वकील येतात, कारकून येतात, गावाला एक प्रकारचा सभ्यपणा येतो. १६८९ मध्ये बंदुकांचे काम हुस्कवर्नाच्या धबधब्यापाशी गेले. पुढे तिथे शिवणयंत्रे झाली, सायकली झाल्या, मोटारसायकली झाल्या. १८०९ च्या डिसेंबरात डेन्मार्कशी एक तहही ह्याच गावात झाला. आणि १८३२ मध्ये गोटा कालवा पुरा झाला, त्यामुळे वेटर्नमधून निघालेली बोट दोन्ही बाजूंच्या समुद्रांपर्यंत जाऊ लागली. ही शेवटची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ती नसती तर पुढची कहाणी घडली नसती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आग पेटवणे हा जगभर कटकटीचा व्यवहार होता. आपल्याकडे चकमक झाडायची, नाहीतर शेजारणीकडून शेणीवर निखारा मागून आणायचा. युरोपात १८३० च्या सुमारास पिवळ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. कशावरही घासा, पेटतात. सोय मोठी, पण खिशात पेटत, उंदराने कुरतडल्या तरी पेटत, आणि पोटात गेल्या तर विषच. ते घरातल्यांचे झाले. कारखान्यातल्यांचे हाल ह्याहून वाईट. पिवळ्या फॉस्फरसच्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या किडक्या दातांतून विष जबड्याच्या हाडात उतरे. हाड सडू लागे, तोंडाला भयंकर दुर्गंधी येई, आणि जीव वाचवायचा तर जबडाच कापून काढावा लागे. ह्या कामाला बायका आणि मुले मोठ्या संख्येने असत, कारण मजुरी कमी द्यावी लागे आणि बोटे चपळ असत.

ह्या विषावरचा उतारा स्टॉकहोममधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने शोधला. गुस्ताफ एरिक पाश हे त्याचे नाव. १८४४ साली त्याने पेटंट घेतले. कल्पना म्हटली तर अगदी साधी. आग लागायला दोन पदार्थ हवेत ना? मग ते दोन्ही एका काडीवर कशाला ठेवायचे? एक काडीच्या गुलात ठेवा आणि दुसरा पेटीच्या कडेला. पिवळ्याच्या जागी तांबडा फॉस्फरस वापरायचा. तो विषारी नाही आणि आपण होऊन पेटतही नाही. जोवर काडी पट्टीला भेटत नाही तोवर आग नाही! पण तांबडा फॉस्फरस त्या काळी फार महाग आणि अशुद्ध. पाशचा धंदा चालला नाही. तो १८६२ मध्ये वारला. काड्यांतून पैसा झाला तो दुसऱ्यांचा.

ते दुसरे म्हणजे योन्शोपिंगचे दोन भाऊ, योहान एडवर्ड आणि कार्ल फ्रान्स लुंडस्ट्रम. थोरला प्रयोग करणारा, धाकटा विक्री करणारा. अशी जोडी जमली की कारखाना उभा राहतोच. १८४० च्या दशकात त्यांनी सरोवराजवळ काड्यांचा कारखाना काढला. १८४८ मध्ये बांधलेली त्यांची लाकडी इमारत आजही उभी आहे आणि तिच्यात आगकाडीचे संग्रहालय आहे. सुरुवातीला हे भाऊही पिवळ्या फॉस्फरसच्याच काड्या करीत. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बर्मिंगहॅमच्या आर्थर अल्ब्राइट ह्याने तयार केलेला तांबडा फॉस्फरस होता. थोरल्या लुंडस्ट्रमने तो मिळवला आणि पाशची कल्पना व्यवहारात उतरवली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात योन्शोपिंगच्या ह्या सुरक्षित काडीला पदक मिळाले, आणि 'स्वीडिश काडी' हे नाव जगभर झाले.

इथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकात सापडते. शोध लागला, पदक मिळाले, धडा संपला. पण वाचकहो, इतिहास शिकवणाऱ्याने इथे थांबून विचारायला हवे, की सुरक्षित म्हणजे कोणाला सुरक्षित?

सुरक्षित काडी महाग पडे. कशावरही पेटणारी विषारी काडी स्वस्त, आणि गिऱ्हाइकाला तीच आवडे. त्यामुळे १८५५ नंतर जुन्या काड्या बंद झाल्या असे मुळीच झाले नाही. योन्शोपिंगच्या कारखान्यातही पुष्कळ वर्षे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी तयार होत राहिले. स्वीडनमध्ये पिवळ्या फॉस्फरसच्या काड्या विकायला बंदी आली ती १९०१ मध्ये. हिशेब करा, पाशच्या पेटंटनंतर सत्तावन्न वर्षांनी. आणि इंग्लंडमध्ये तर लुंडस्ट्रमांचे हक्क विकत घेतले ब्रायंट अँड मे कंपनीने १८५५ मध्ये. तरीही ह्याच कंपनीच्या लंडनच्या कारखान्यात मुली पिवळ्या फॉस्फरसवर काम करीत होत्या. त्या मुलींनी १८८८ च्या जुलैत केलेला संप कामगार चळवळीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सुरक्षित काडीचे हक्क ज्यांच्या कपाटात पडून होते, त्यांच्याच दारात जबडे सडत होते! औषध माहीत नव्हते म्हणून माणसे दगावली, हे समजू शकते. इथे औषध माहीत होते, पेटंटसकट माहीत होते. फरक होता तो पेटीमागच्या थोड्याशा पैशांचा. हा भाग शिकवताना माझा आवाज जरा चढतो, असे विद्यार्थी म्हणतात, चढतो खरा.

योन्शोपिंगमध्ये आणखी एक काम चाले, ते कारखान्याबाहेर. रिकाम्या पेट्या चिकटवण्याचे. गरीब घरांतून आई, आजी, शाळेतून आलेली पोरे, सगळी टेबलाभोवती बसून पातळ लाकडाच्या पट्ट्या आणि कागद खळीने चिकटवीत. आपल्याकडे बायका घरी बसून विड्या वळतात, तोच प्रकार समजा. सुरक्षित काडी जगभर गेली ती ह्या हातांनी केलेल्या पेटीत बसून.

मग यंत्रे आली. अलेक्झांडर लागरमन नावाचा एक विलक्षण बुद्धीचा यंत्रज्ञ ह्या कारखान्याला लाभला. काड्या रचायचे यंत्र, पेट्या करायचे यंत्र, लेबल चिकटवायचे यंत्र असे करत करत १८९२ मध्ये त्याने 'पूर्ण यंत्र' बनवले. एका टोकाने नुसत्या काड्या घाला, दुसऱ्या टोकाने भरलेल्या पेट्या बाहेर. त्या यंत्रांनी घरोघरचे चिकटवण्याचे काम गेले. पोरांच्या बोटांची सुटका झाली म्हणावे, की विधवेच्या घरातले चार पैसे गेले म्हणावे? दोन्ही खरे आहे.

गावाच्या स्वभावाची दुसरी बाजूही ह्याच काळातली. योन्शोपिंगला लोक 'स्मोलंड प्रांताचे जेरुसलेम' म्हणतात. सरकारी चर्चच्या बाहेर स्वतंत्रपणे भजन-प्रवचन करणारे पंथ इथे एकोणिसाव्या शतकात फार वाढले. १८६१ मध्ये त्यांचा एक मोठा मिशन संघही इथे निघाला. दारू नको, उधळेपणा नको, काम आणि प्रार्थना हवी, असे मानणारे कामगार कोणत्या मालकाला आवडणार नाहीत? पण असे म्हटले की ह्या लोकांवर अन्याय होतो. ह्याच सभांमधून साध्या कामगाराला चार माणसांत उभे राहून बोलायची, हिशेब ठेवायची, संस्था चालवायची सवय लागली. पुढच्या स्वीडनला ती उपयोगी पडली.

ह्याच गावात १९०५ साली एक मूल जन्मले. त्याचे वडील ह्याल्मार हामरशोल्ड कायदेपंडित होते आणि इथल्या वरिष्ठ न्यायालयाशी त्यांचा संबंध होता. मुलाचे नाव डाग. तोच पुढे १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस झाला आणि काँगोमधला तंटा मिटवण्याच्या खटपटीत असताना सप्टेंबर १९६१ मध्ये आफ्रिकेत विमान कोसळून मरण पावला.

काड्यांच्या धंद्याचे पुढे काय झाले? १९१७ मध्ये ईव्हार क्रॉयगर नावाच्या भांडवलदाराने स्वीडनमधले सारे कारखाने एका मोठ्या कंपनीत ओढले आणि सूत्रे स्टॉकहोमहून हलू लागली. महायुद्धानंतर कर्जाला गांजलेल्या सरकारांना हा मनुष्य कर्ज देई आणि बदल्यात त्या देशात काड्या विकण्याचा मक्ता घेई. पोलंड, ग्रीस, जर्मनी, अशी मोठी यादी आहे. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये आपल्या बिऱ्हाडी तो पिस्तुलाची गोळी लागून मेलेला सापडला. मागाहून कळले की त्याच्या तिजोरीतले इटलीच्या सरकारचे रोखे खोटे होते.

ह्या साम्राज्याचा एक धागा आपल्या दाराशी येतो. मुंबई बंदरात स्वीडनच्या आणि जपानच्या काड्या जहाजे भरभरून उतरत. पिवळ्या फॉस्फरसच्या काड्यांवर हिंदुस्थानात १९१३ च्या कायद्याने बंदी आली. पुढे १९२२ मध्ये सरकारने परदेशी काड्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसवली. जकात इतकी, तर मग काड्या इथेच का करू नयेत? म्हणून १९२३ मध्ये त्या स्वीडिश कंपनीने 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी' काढली. हीच आपली 'विम्को'. तिचा कारखाना अंबरनाथला निघाला, शिलाहारांचे ते शके ९८२ मधले सुंदर देवालय आहे ना, त्याच गावी. काडीला तिकडे अॅस्पेनचे लाकूड, इकडे सावरीचे. गुल आणि पट्टी मात्र तीच. जकातीची भिंत देशी धंद्याला आडोसा म्हणून बांधावी आणि परदेशी कंपनीने भिंतीच्या आत येऊन दुकान मांडावे! देशी कारखानदारांनी त्याबद्दल तक्रारी केल्या, चौकशीही झाली. त्याच सुमारास शिवकाशीला हातकामाचे काड्यांचे कारखाने सुरू झाले, आणि तिथे पेट्या चिकटवणारी लहान मुलांची बोटे पुढे कितीतरी वर्षे दिसत राहिली.

माझ्या आजीच्या चुलीजवळच्या कोनाड्यात काडेपेटी असे. पावसाळ्यात पट्टी सर्दावली की ती पेटी चुलीच्या ओट्यावर शेकायला ठेवी आणि आम्हा मुलांना दटावून सांगे, 'हात लावू नका, जवळ नेली तर भडकेल.' भडकली असती ती काडीच. पट्टीतला तांबडा फॉस्फरस त्या मानाने पुष्कळ शांत. हे मला कळले ते एम.ए. झाल्यावर, योन्शोपिंगवरचे एक पुस्तक वाचताना.

योन्शोपिंगमधल्या काड्या १९७० च्या सुमारास बंद झाल्या. कारखान्याच्या विटांच्या इमारतींत आता नाटकघर, उपाहारगृहे आणि कचेऱ्या आहेत. गावात विद्यापीठ आहे, वस्ती लाखाच्या घरात गेली आहे, आणि हुस्कवर्ना १९७१ पासून त्याच नगरपालिकेत आले आहे. इकडे विम्कोची मालकी २००५ मध्ये एका भारतीय कंपनीच्या समूहाकडे गेली. अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'विम्को नाका' म्हणा. तो एका अक्षराने जास्त न विचारता तुम्हाला नेऊन सोडील. योन्शोपिंग म्हणून मात्र बघू नका.